कर्करोग आटोक्यात आला, पण हाताचे काय?

उपचार संपतात. ‘आता तीन महिन्यांनी दाखवायला या’ असे डॉक्टर सांगतात. पेशंट गावी परततो, पाहुणे-रावळे भेटून जातात, बोललेला नवस फेडला जातो आणि घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे! परंतु रोज्याच्या जगण्यातल्या अडचणी बहुधा त्यानंतरच सुरू होतात आणि त्या कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही.

वडवणी परिसरातील चाळिशीतली एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. स्तनाच्या कर्करोगासाठी तिच्या उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या. पुढे केमोची सलाईन झाली, मग किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणे’ म्हणतात, तेही झाले. रिपोर्ट चांगले आले. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी सुनेला घालावी लागते. डोक्यावर पदर घेता येत नाही. दोन भाकरी थापल्या की हात भरून येतो. एके दिवशी ध्यानात येते की रोजची बांगडी मनगटात रुतते आहे. ही बाई दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. ‘जीव वाचला, आता हाताचे गाऱ्हाणे काय सांगायचे,’ असे म्हणून ती गप्प बसते.

वाचकहो, हे गाऱ्हाणे सांगण्याजोगेच आहे. हाताने काम करता यावे, तोंडाने घास खाता यावा, पायाने शेतापर्यंत जाता यावे, हा कर्करोगाच्या उपचाराचाच उरलेला भाग आहे. त्यासाठी एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत ‘व्यवसायोपचार’ असे म्हणतात.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

येथे ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ धंदा किंवा नोकरी एवढाच नाही. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जी जी कामे करतो, ती सगळी त्यात आली. आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम, मजुरी, देवपूजा, नातवाला खेळवणे, सारे काही. आजारामुळे यांतले जे काम अडले असेल ते पुन्हा कसे करता येईल हे पाहणे आणि त्यासाठी कामाचाच औषधासारखा उपयोग करणे, हा या उपचाराचा गाभा.

फिजिओथेरपी म्हणजे भौतिकोपचार आणि हा उपचार सख्ख्या बहिणींसारखे आहेत. दोघींच्या कामात बराच भाग सारखा असतो. तरी फरक सांगायचा तर, भौतिकोपचार करणारा खांदा किती अंशांनी वर जातो, स्नायूत ताकद किती आहे, हे पाहील. व्यवसायोपचार करणारी व्यक्ती विचारील, ‘बाई, वेणी घालता येते का? भाकरी थापता येते का? ओट्यावर थापता की खाली बसून?’ आणि उत्तर ऐकून त्याप्रमाणे व्यायाम, कामाची पद्धत आणि साधने ठरवून देईल.

महाराष्ट्राला या विषयाचा अभिमान वाटावा असा एक धागा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन या शास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे हा उपचार काही कालपरवा आलेला नाही. तो आपल्याच राज्यात रुजला आहे. खेड्यापर्यंत मात्र त्याची माहिती फारशी पोहोचलेली नाही.

आणि कर्करोग हा काही शहरातलाच आजार नव्हे. आपल्या शेजारच्या बार्शी, भूम आणि परांडा या भागांतील खेड्यांत १९८७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जात आहे. ग्रामीण भागासाठीची ती देशातील पहिली नोंदणी. रोग गावात आहे, तर त्यानंतरची काळजीही गावात कळली पाहिजे.

दोन टोकाच्या चुका

उपचारानंतर घरी दोन प्रकारच्या चुका होताना दिसतात. पहिली चूक मायेपोटी होते. ‘आई, आता तू फक्त बसून राहा, काडी उचलायची नाही,’ असे म्हणून मुले-सुना हाताला हात लावू देत नाहीत. हात झोळीत किंवा पोटाशी धरून ठेवला जातो. परिणामी खांदा आखडतो. महिनाभरात आखडलेला खांदा सोडवायला पुढे कित्येक महिने लागतात.

दुसरी चूक गरजेपोटी होते. उचल घेतलेली असते, पोरांच्या शाळा असतात, म्हणून बाई थेट फडावर जाते किंवा डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते. नाजूक झालेल्या हातावर एकदम भार पडतो आणि सूज बळावते.

बरोबर मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे. काम करायचे, पण पायरीपायरीने.

हात का सुजतो?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय आणखी एक बारीक वाहिन्यांचे जाळे असते. त्यातून लसिका नावाचा पातळ द्रव वाहतो. काखेतल्या गाठी ही या वाटेवरची गाळणी होत. कर्करोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी आणि तो काढण्यासाठी या गाठी काढाव्या लागतात. लाईट दिल्यानेही तेथील वाहिन्या कडक होतात. वावरातला चर बुजला की पाणी जसे तुंबते, तसा हा द्रव हातात तुंबू लागतो. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या साधारण पाच स्त्रियांमागे एकीला ही सूज येते. ती लगेच येईल असे नाही, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही येऊ शकते. म्हणून ‘वर्ष झाले, काही झाले नाही’ असे म्हणून निष्काळजी राहू नये.

सूज लवकर ओळखणे सोपे आहे. बांगडी, अंगठी किंवा पोलक्याची बाही एकाच हाताला घट्ट होऊ लागली, हात जड वाटू लागला, की समजावे. शिंप्याची टेप घेऊन महिन्यातून एकदा दोन्ही हात एकाच ठिकाणी, म्हणजे कोपरापासून चार बोटे वर आणि चार बोटे खाली, मोजावेत आणि वहीत लिहावेत. आधी सारख्या असलेल्या हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीची सूज उपचाराने बरीच उतरते, जुनी झालेली सूज हट्टी होते.

खांद्यासाठी घरचा व्यायाम

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरवणे, कोपर वाकवणे-सरळ करणे एवढे सुरू करता येते. बसताना हात उशीवर थोडा उंच ठेवावा. काखेतील नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीवर नेऊ नये. नळी निघाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुढचे व्यायाम करावेत.

भिंतीकडे तोंड करून उभे राहावे आणि बोटे भिंतीवर मुंगीसारखी वर चालवत न्यावीत. जेथपर्यंत पोहोचली तेथे खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी खूण ओलांडण्याचा प्रयत्न करावा. दोन्ही हातांनी काठी धरून, चांगल्या हाताच्या आधाराने दुखरा हात डोक्यावर न्यावा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा पुरे. ओढ जाणवली तर चालेल, सणक आली तर थांबावे.

यापुढचा व्यायाम वेगळा करायची गरज नाही, तो घरातल्या कामातच आहे. आपले केस आपण विंचरणे, डोक्यावर पदर घेणे, पाठीमागे हात नेऊन पोलक्याची गाठ बांधणे, दोरीवर ओले फडके टाकणे, ताटात डाळ निवडणे, ही सारी औषधेच समजावीत. सुनेने वेणी घालून देण्याऐवजी आरसा धरून समोर बसावे. मायेचा तो अधिक चांगला प्रकार आहे.

भाकरीचे उदाहरण घेऊ. पहिल्या आठवड्यात पीठ दुसऱ्याने मळावे, बाईने एकच भाकरी थापावी. पुढच्या आठवड्यात दोन. परात कमरेच्या उंचीवर असेल तर खांद्यावर ताण कमी पडतो. काम झाल्यावर हात जड वाटला नाही, दुसऱ्या दिवशी सूज दिसली नाही, तर एक पायरी चढावी. जड वाटला तर एक पायरी उतरावी. हंडा, कळशी, पिठाचा डबा यांना हाच नियम लावावा. आधी तांब्या, मग लहान कळशी, मग अर्धी बादली.

पूर्वी डॉक्टरही सांगत, ‘त्या हाताने जन्मभर वजन उचलू नका.’ आता ते मत बदलले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हातावर आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, दाब देणारी बाही घालून, अगदी थोड्या वजनापासून सुरुवात करून हळूहळू वजन वाढवणाऱ्या स्त्रियांची सूज वाढली नाही. उलट सूज बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आले. मात्र ‘हळूहळू’ हा शब्द विसरू नये.

हे करू नये

सुजलेला हात जोराने चोळू नये, तेल लावून रगडून घेऊ नये, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये, डाग देऊ नये, सुई टोचून पाणी काढवून घेऊ नये. बाजारातली कोणतीही पट्टी घट्ट गुंडाळू नये. दाबाची बाही हाताचे माप घेऊनच वापरायची असते.

त्या हाताला जखम होणार नाही याची काळजी घ्यावी. कापसाच्या बोंडाचे टोक, बाभळीचा काटा, उसाचे पाचट यांनी झालेली बारीक चीरसुद्धा जंतूंना वाट करून देते. वेचणीला किंवा खुरपणीला जाताना हातमोजा किंवा जुन्या कापडाची लांब बाही घालावी. ओरखडा पडला तर साबणाने धुऊन मलम लावावे. शक्यतो इंजेक्शन आणि सलाईन दुसऱ्या हाताला घ्यावे. हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. उद्यावर टाकू नये.

तोंडाच्या कर्करोगानंतर

तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांमुळे आपल्या भागात तोंडाचा कर्करोग पुष्कळ. शस्त्रक्रिया आणि लाईट यांनंतर जबडा आखडतो. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे एकावर एक अशी मावतात. उपचारानंतर कित्येकांना एकच बोट जाते. मग भाकरीचा घास घेता येत नाही, दात घासता येत नाहीत, माणूस पंगतीला बसायला लाजतो.

यावर साधा उपाय म्हणजे आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. स्वच्छ धुतलेल्या काड्या एकावर एक ठेवून, दातांमध्ये जेवढ्या मावतील तेवढ्या धराव्यात. थोडा वेळ तसेच राहावे, मग हळूच एक काडी वाढवावी. दिवसातून चार-पाच वेळा असे करावे. हलणारे दात असतील किंवा जबड्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. लाईट संपल्यावरही कित्येक महिने जबडा आखडत राहतो, म्हणून हा व्यायाम मध्येच सोडू नये.

मानेतल्या गाठी काढल्यावर काहींचा खांदा खाली झुकतो. शर्ट डोक्यातून घालता येत नाही, फेटा बांधता येत नाही. अशा माणसाने आधी दुखऱ्या हाताची बाही घालावी, मग चांगल्या हाताची. काढताना उलट करावे. त्या खांद्यावर फवारणीचा पंप किंवा पोते घेऊ नये. आणि तंबाखू पुन्हा तोंडात घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

बधिर बोटे आणि न जाणारा थकवा

केमोच्या काही औषधांमुळे हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. यात खरा धोका चुलीजवळ आहे. तवा भाजला तरी कळत नाही. म्हणून भाकरी बोटाने न उलटता उलथन्याने उलटावी, भांडे सांडशीनेच उतरवावे, आंघोळीचे पाणी कोपर बुडवून पाहावे. अनवाणी फिरू नये. रात्री पायाचे तळवे उजेडात पाहावेत किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावेत. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली की पकड चांगली बसते. व्यवसायोपचारातली पुष्कळ साधने अशी घरच्या घरी होणारी असतात.

थकव्याचेही तसेच. उपचारानंतरचा थकवा दिवसभर झोपून जात नाही. आधी रक्त कमी आहे का हे तपासून घ्यावे. मग दिवसातली कामे वाटून घ्यावीत. ज्या वेळी ताजेतवाने वाटते त्या वेळी महत्त्वाचे काम करावे, निवडण्या-सोलण्याची कामे बसून करावीत, पूर्ण दमण्याआधीच थांबावे. रोज थोडे चालावे. आज देवळापर्यंत, पुढच्या आठवड्यात वेशीपर्यंत. विसरायला होत असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारीच औषधाची आणि दाखवायला जाण्याची तारीख लिहून ठेवावी.

फडावर परत कधी?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातला खरा प्रश्न. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बाईचा हात अडला की अर्धा कोयता अडतो आणि उचल मात्र पूर्ण फेडायची असते. म्हणून बाई दुखणे लपवते.

याचे सोपे उत्तर कोणाकडेच नाही, पण काही गोष्टी करता येतात. उपचार चालू असताना पुढच्या हंगामाची उचल घेऊ नये. कोणते काम करता येईल आणि कोणते नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. तोंडी सांगण्यापेक्षा मुकादमाला कागद दाखवणे बरे. पहिला हंगाम घरीच काढता आला तर उत्तम. जावेच लागले तर कोयता चालवणे आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणे ही कामे सोडून, पाचट बाजूला सारणे, वाढे बांधणे, कोपीवरचा स्वयंपाक अशी हलकी कामे वाटून घ्यावीत. रोग हाडात गेला आहे असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर वजन उचलण्याआधी त्यांना विचारणे अत्यावश्यक आहे. अशी हाडे साध्या भारानेही मोडू शकतात.

कोठे विचारावे?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) व्यवसायोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या भागातील पुष्कळ रुग्ण बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. जेथे उपचार होतील तेथेच, घरी सोडण्यापूर्वी, पुढील चार प्रश्न विचारावेत. हा हात किंवा हे तोंड किती हलवायचे? कोणता व्यायाम कोणत्या दिवसापासून करायचा? कोणते काम केव्हा सुरू करायचे? आणि कोणते लक्षण दिसले की परत यायचे? उत्तरे लिहून घ्यावीत. नंतर मुंबईपर्यंत जाणे जमत नसेल तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात हीच कागदपत्रे दाखवून भौतिकोपचाराची चौकशी करावी.

घरच्या माणसांना एकच सांगणे. पेशंटला ‘कसं वाटतंय?’ असे सगळेच विचारतात आणि तो ‘बरं आहे’ एवढेच म्हणतो. त्याऐवजी, ‘आज वेणी तुझी तूच घातलीस का?’, ‘घास नीट गेला का?’, ‘बांगडी घट्ट होते का?’ असे विचारा. खरे उत्तर तेव्हाच मिळेल आणि उपाय वेळेवर करता येईल.